मिनिटाला १४० कोंबड्या, पण माणशी किती?

१७ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या कृषी खात्याने एका दमात दोन गोष्टी जाहीर केल्या. कोंबडी आणि डुकराच्या मांसाच्या कारखान्यांना लाइन वेगाने चालवायला दिलेल्या सवलती चालूच राहतील, आणि नियमही त्याच दिशेने कायमचे बदलले जातील, ही पहिली. सवलत घेतलेल्या कारखान्यांनी कामगारांच्या सुरक्षिततेची माहिती यापुढे कळवायची गरज नाही, ही दुसरी. कारण असं दिलं की लाइनचा वेग आणि कामगारांच्या इजा यांचा थेट संबंध नाही, हे संशोधनाने दाखवून दिलंय.

त्याच्या दोनच महिने आधी, जानेवारीत, याच खात्याने करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल आला होता. कोंबडीच्या कारखान्यांत ज्या कामगारांचं काम प्रत्यक्ष मोजलं, त्यांतल्या ८१ टक्के लोकांना स्नायू-सांध्यांच्या विकारांचा मोठा धोका आहे, असं तो सांगतो. डुकराच्या मांसाच्या कारखान्यांत हे प्रमाण ४६ टक्के आहे.

खात्याने म्हटल्याप्रमाणे वेगाचा संबंध आकड्यांत खरोखरच थेट दिसला नव्हता, आणि ८१ टक्केही खरेच आहेत. गोम आहे ती ‘वेग’ या शब्दात. ती उलगडायची तर आधी कारखान्यात शिरावं लागेल.

लाइन म्हणजे नेमकं काय

आपल्या चिकनवाल्याकडे एकच माणूस कोंबडी पकडतो, कापतो, सोलतो, तुकडे करून पिशवीत भरून देतो. अमेरिकी कारखान्यात याच कामाचे शेकडो तुकडे पाडलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याला एक माणूस नाहीतर एक यंत्र असतं. डोक्यावरून साखळी फिरते. तिच्या आकड्यांना कोंबड्या उलट्या टांगलेल्या असतात. भूल, कापणी, गरम पाण्यात बुडवणं, पिसं काढणं, पोट साफ करणं, सरकारी निरीक्षकाची नजर, मग थंड पाण्याची टाकी. इथवरचं बरंचसं काम आता यंत्रं करतात.

माणसांची गर्दी असते ती पुढे, बोनलेसच्या खोलीत. मांस खराब होऊ नये म्हणून तिथलं तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेलं असतं. पट्ट्यावर प्लॅस्टिकचे शंकू सरकत असतात. पहिला कामगार कोंबडीचा पुढचा भाग शंकूवर बसवतो. दुसरा दोन्ही खांद्यांच्या सांध्यांत सुरी घालून कापतो. तिसरा पंख धरून छातीचं मांस ओढून काढतो, चौथा आतली मांसाची पट्टी सोडवतो, आणि शेवटचा बोटांनी चाचपून हाडाची कपची राहिली नाही ना ते पाहतो. ज्याच्याकडे खांदा, तो दिवसभर खांदाच कापतो.

वेग ठरवतं कोण?

इथेच पहिला धक्का बसतो. लाइनच्या वेगाची मर्यादा कामगारांसाठी ठरलेलीच नाही. ती ठरली निरीक्षकाच्या डोळ्यांसाठी.

मांस-तपासणीचा कायदा १९०६ चा, कोंबडीचा १९५७ चा. प्रत्येक जनावर सरकारी माणसाने पाहिलंच पाहिजे, हा दोन्हींचा गाभा. एक माणूस मिनिटाला किती कोंबड्या नीट पाहू शकेल? जुन्या पद्धतीत उत्तर होतं ३५. म्हणजे दोन निरीक्षक उभे केले की ७०. पुढे कोंबड्या निवडून बाजूला काढायचं काम कारखान्याच्याच माणसांकडे गेलं आणि सरकारी निरीक्षक शेवटच्या तपासणीपुरता उरला. २०१४ च्या नव्या पद्धतीत मर्यादा मिनिटाला १४० झाली आणि २०१८ पासून काही कारखान्यांना १७५ ची सवलत मिळू लागली. डुकरांसाठी तासाला १,१०६ ही मर्यादा होती. ती २०१९ मध्ये नव्या पद्धतीत येणाऱ्या कारखान्यांपुरती उठवली. कामगार संघटना कोर्टात गेली. कामगारांवर काय परिणाम होईल याचा विचारच खात्याने केला नाही, या मुद्द्यावर मिनेसोटातल्या फेडरल न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तेवढा भाग रद्द केला. त्यानंतर खात्याने ‘वेग वाढवा, पण कामगारांचं काय होतं त्याची माहिती द्या’ असा मधला मार्ग काढला. वर सांगितलेली पाहणी त्यातूनच आली, आणि २०२५ मध्ये बंद झाली ती हीच माहिती.

आणखी एक खाचखळगा. ही मर्यादा फक्त पोट साफ करण्याच्या आणि तपासणीच्या टप्प्याला लागू आहे. बोनलेसच्या खोलीतल्या पट्ट्याला केंद्र सरकारची कुठलीच वेगमर्यादा नाही.

मग कामगारांचं पाहणारं खातं कुठे आहे? ते आहे, त्याचं नाव ओशा. १९७० च्या कायद्याने ते स्थापन झालं. तीच हालचाल पुन्हा पुन्हा केल्याने होणाऱ्या दुखण्यांसाठी ओशाने नोव्हेंबर २००० मध्ये नियम आणला, जानेवारी २००१ मध्ये तो लागू झाला आणि मार्चमध्ये संसदेने तो रद्द केला. तेव्हापासून आजवर असा नियम नाही. ‘मालकाने कामाची जागा गंभीर धोक्यापासून मुक्त ठेवावी’ असं एक सर्वसाधारण कलम तेवढं हाताशी आहे. त्यावर खटला उभा करायचा तर धोका कोणता, तो मालकाला ठाऊक कसा होता, उपाय काय होता, हे दर वेळी पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं. म्हणजे मांस पाहणाऱ्या खात्याकडे वेगाचा नियम आहे, पण त्याला माणसांचं देणंघेणं नाही. माणसं पाहणाऱ्या खात्याकडे वेगाचा नियमच नाही.

मनगटात काय होतं

तळहाताच्या बुडाशी हाडांचा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं मिटवणारे नऊ स्नायुबंध आणि एक नस जाते. नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, संवेदना वाहून नेणारी. तीच हालचाल हजारो वेळा, जोर लावून, मनगट वाकवून केली की स्नायुबंधांभोवती सूज येते. हात सुजला की बांगडी रुतते, तसंच हे. फक्त इथे बांगडी आत आहे, हाडाची आहे, आणि काढून ठेवता येत नाही. दबते ती नस. आधी रात्री अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, मग हातातून कप निसटतो, शर्टाचं बटण लागत नाही. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. वेळेत आराम मिळाला तर तो आटोक्यात येतो. नस दीर्घकाळ दबून राहिली तर शस्त्रक्रियेनंतरही पकड पूर्ण परत येईलच असं नाही.

नायोश या सरकारी संशोधन संस्थेने साउथ कॅरोलायनातल्या एका कोंबडी कारखान्यात कामगारांच्या नसा यंत्राने तपासल्या आणि २०१४ मध्ये अहवाल दिला. ४२ टक्के लोकांत या विकाराची लक्षणं सापडली.

थंडी यात भर घालते. बोटं गारठली की स्पर्श कमी कळतो आणि माणूस नकळत सुरी गरजेपेक्षा घट्ट धरतो. वर हातमोज्यांचे थर. कापलं जाऊ नये म्हणून घालायचा तो जाळीचा हातमोजा आवश्यकच, पण त्यातून पकड धरायला जोर आणखी लागतो.

मग ‘संबंध नाही’ हे आलं कुठून?

पोळी-भाजी केंद्रात दहा जणी पोळ्या लाटतात असं समजा. ऑर्डर वाढली आणि मालकिणीने आणखी तीन बायका घेतल्या, तर केंद्राचा वेग वाढला, पण कुणाच्याही मनगटावरचा भार वाढला नाही. उलट ऑर्डर तेवढीच राहिली आणि दोघी रजेवर गेल्या, तर केंद्राचा वेग जसाच्या तसा, आणि उरलेल्या आठ जणींचे हात रात्री ठणकतात.

अहवालात हेच दिसलं. लाइनचा वेग आणि दुखण्याचा धोका यांची सरळ सांगड लागली नाही, कारण कुठे माणसं जास्त होती, कुठे यंत्रं जास्त होती. सांगड लागली ती दुसऱ्याच आकड्याशी: एका माणसाच्या हातून मिनिटाला किती नग जातात. त्याला आपण ‘माणशी नग’ म्हणू. माणशी नग वाढले की धोका वाढतो, हे त्याच अहवालात आहे.

सोपं गणित करून पाहू. खांदे कापायला दहा माणसं आहेत आणि मिनिटाला १४० कोंबड्या येतात. माणशी १४. आता लाइन १७५ वर नेली आणि माणसं तेवढीच ठेवली, तर माणशी साडेसतरा. लाइन १४० वरच ठेवली आणि दहातली दोन माणसं आली नाहीत, तरी माणशी साडेसतराच! बाहेरून पाहणाऱ्याला एक लाइन ‘वेगवान’ दिसते आणि दुसरी ‘नियमात’. आत उभ्या असलेल्याच्या मनगटाला फरक कळत नाही.

साडेसात तासांच्या प्रत्यक्ष कामात माणशी १४ म्हणजे ६,३०० कोंबड्या, आणि दोन खांदे धरले तर १२,६०० काप. साडेसतरा म्हणजे १५,७५०. एका कोंबडीला मिळणारा वेळ सुमारे ४.३ सेकंदांवरून ३.४ सेकंदांवर येतो. हा पाऊण-एक सेकंद कशाला हवा असतो? मुख्यतः सुरीला धार लावायला. सुरी बोथट होत असतेच, हाडाला लागली की लगेच होते. जाणता कामगार अधूनमधून पोलादी सळईवर दोन-तीन हात फिरवून धार सरळ करतो. तेवढी फट मिळाली नाही की बोथट सुरीनेच कापायचं, म्हणजे दर कापाला जास्त जोर. नुसत्या कापांची संख्या वाढली असं दिसतं, प्रत्यक्षात प्रत्येक काप जडही झालेला असतो. कारखान्याची सुरक्षा पाहायची तर मी आधी पट्ट्याचा वेग विचारणार नाही. धारेच्या सुऱ्या पाळीत किती वेळा बदलून मिळतात आणि रजेवरच्या माणसाच्या जागी कोण उभं राहतं, एवढं विचारीन.

माणशी नगांची मर्यादा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात कुठेही नाही.

‘पण इजांचे आकडे तर कमी झालेत!’

नोंदलेले आकडे कमी झालेत, हे खरं. पण नोंद कशाची होते ते पाहा. ओशाच्या नियमानुसार प्रथमोपचारावर भागलेली इजा नोंदवहीत लिहायची नसते. बर्फाचा शेक, मालीश, लवचिक पट्टी, दुकानात चिठ्ठीविना मिळणाऱ्या ताकदीची वेदनाशामक गोळी, हे सगळं प्रथमोपचारात मोडतं. आयबुप्रोफेनची एका वेळची मात्रा ४६७ मिलिग्रॅमच्या वर गेली की ते औषधोपचार ठरतं आणि नोंद करावी लागते. २०० ची एक किंवा दोन गोळ्या दिल्या तर नाही. फिजिओथेरपीला पाठवलं तर नोंद, मालीश केली तर नाही. आणि इजेमुळे कामगाराला हलकं काम दिलं, तरी नोंद.

आता कारखान्यातल्या दवाखान्याची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. मुंग्या येतात म्हणून बाई येते. तिला शेक, मलम आणि गोळी देऊन पुन्हा त्याच जागी पाठवलं तर वहीत काहीच चढत नाही. बाहेरच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि त्याने काम बदलायला सांगितलं तर चढतं. म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या जे करायला हवं, नेमकं तेच केल्याने कारखान्याचा आकडा बिघडतो. या क्षेत्रात इजा कमी नोंदवल्या जातात, असं अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही आपल्या अहवालांत म्हटलं आहे.

मनगटापलीकडचे धोके

पट्टा बंद झाल्यावरही धोका संपत नाही. रात्रपाळीत सफाई होते: करवती, डोकं चिरणारी यंत्रं, सगळं गरम पाणी आणि दाहक रसायनांनी धुवायचं. सफाईपूर्वी यंत्राची वीज तोडून त्यावर स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, असा नियम आहे. सकाळच्या पाळीआधी वेळ कमी असतो म्हणून यंत्र हळू फिरत ठेवूनच धुतलं जातं, आणि बोटं जातात ती तिथे. ही सफाई बहुधा कंत्राटदाराकडे असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅकर्स सॅनिटेशन सर्व्हिसेस या कंत्राटदार कंपनीला १५ लाख डॉलर भरावे लागले. आठ राज्यांतल्या १३ कारखान्यांत १३ ते १७ वर्षांची १०२ मुलं रात्री हेच काम करताना सापडली होती. दर मुलामागे १५,१३८ डॉलर, म्हणजे कायद्यात तेव्हा होता तेवढा पुरेपूर दंड.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. २८ जानेवारी २०२१ रोजी जॉर्जियातल्या गेन्सव्हिल इथे फाउंडेशन फूड ग्रुपच्या कारखान्यात सहा जण गुदमरून मेले. चिकन गोठवायच्या यंत्रात द्रवरूप नायट्रोजन होता. त्याची पातळी मोजणारी एक बारीक नळी वाकली होती, त्यामुळे यंत्राला टाकी भरल्याचं कळलंच नाही आणि द्रव बाहेर सांडला. नायट्रोजन विषारी नाही, आपण श्वासात घेतो त्या हवेत तोच सर्वांत जास्त असतो. पण द्रवाचा वायू होताना तो शेकडो पट फुगतो आणि खोलीतला ऑक्सिजन ढकलून देतो. त्याला वास नाही, त्याने गुदमरल्यासारखं वाटत नाही. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. आधी यंत्र पाहायला गेलेले दोघे गेले. त्यांना काय झालं ते पाहायला, त्यांना ओढून काढायला इतर आत शिरले, त्यांतले आणखी चार गेले. ऑक्सिजन कमी झाल्याचा इशारा देणारं उपकरण तिथे नव्हतं. आपल्याकडे मैला टाकीत एकामागून एक माणसं उतरून मरतात, त्याच जातीचा हा अपघात आहे, आणि नियमही तोच: आतला माणूस पडला तर हवेचं सिलिंडर पाठीवर नसलेल्या माणसाने आत जायचं नाही. हा नियम आधी शिकवलेला नसेल तर त्या क्षणी कुणाच्याही ध्यानात येत नाही.

कामगाराला हक्क आहेत की नाहीत?

कागदावर भरपूर आहेत. ओशाचा कायदा कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितालाही लागू होतो. प्रशिक्षण कामगाराला समजेल त्या भाषेत द्यावं लागतं. तक्रार केल्याबद्दल मालकाने त्रास दिला तर ओशाकडे दाद मागता येते, पण फक्त ३० दिवसांत. युनियन नसली तरी चार कामगार मिळून सुपरवायझरकडे गेले, तर त्या एकजुटीला १९३५ च्या कामगार संबंध कायद्याचं संरक्षण आहे. शौचालयाला जाऊ देणं मालकावर बंधनकारक आहे. अर्थात पट्टा थांबत नसल्याने जागेवर बदली माणूस यावा लागतो, आणि तो वेळेवर येत नाही, ही या धंद्यातली जुनी तक्रार.

आता दुसरी बाजू. हे काम करणारे मोठ्या संख्येने स्थलांतरित आणि निर्वासित आहेत: मेक्सिको आणि ग्वाटेमालाचे, सोमालियाचे, म्यानमारचे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की युनियनच्या कामामुळे बेकायदा काढून टाकलेल्या कामगाराकडे कागदपत्रं नसतील तर त्याला बुडालेला पगार मिळणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मिसिसिपीतल्या कोंबडी कारखान्यांवर छापे घालून सुमारे ६८० कामगारांना एका दिवसात ताब्यात घेतलं गेलं. अशा ठिकाणी ३० दिवसांची मुदत कुणाच्या उपयोगाची? टेक्सासमध्ये तर खासगी मालकाने कामगार-भरपाईचा विमा घेतलाच पाहिजे असंही नाही.

दंडाचं म्हणाल, तर कोविडच्या पहिल्या लाटेत साउथ डकोटातल्या स्मिथफील्डच्या एका कारखान्यात किमान १,२९४ जणांना लागण झाली आणि चौघे मरण पावले. ओशाने सुचवलेला दंड १३,४९४ डॉलर होता. त्याच वसंतात, २८ एप्रिल २०२० ला, मांस कारखाने चालू राहावेत म्हणून राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला होता. पुढे संसदेच्या एका उपसमितीने मोजलं, तर पाच बड्या कंपन्यांत पहिल्या वर्षात किमान ५९,००० कामगारांना लागण आणि २६९ मृत्यू, असा हिशेब निघाला.

‘वेग कमी केला तर चिकन महाग होईल’

वेग कमी करायलाच हवा असं नाही, हे वरच्या गणितात आलंच आहे. माणशी नग कमी करायचे तर माणसं वाढवा किंवा सर्वांत वाईट काप यंत्राकडे द्या. दर तासा-दोन तासांनी जागा बदला, पण खांदा कापणाऱ्याला पंख ओढायला पाठवून नव्हे, कारण दोन्हींत तेच मनगट वापरलं जातं. खर्च येईल. आजही खर्च येतोच. फक्त तो वयाच्या पस्तिशीत हात गमावलेल्या माणसाच्या घरी जातो, म्हणून किलोच्या भावात दिसत नाही.

दुसरीकडे काय केलं

जून २०२० मध्ये जर्मनीत रेडा-वीडेनब्रुक इथल्या ट्योनीस कारखान्यात दीड हजारांहून जास्त कामगारांना कोविड झाला. बरेचसे पूर्व युरोपातून आलेले, कंत्राटदारांमार्फत घेतलेले आणि दाटीवाटीने राहणारे होते. जर्मनीने पट्ट्याच्या वेगाला हात लावला नाही, मूळ धरलं: १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या मांस कंपन्यांत कत्तल आणि कापणीच्या कामाला कंत्राटदाराची माणसं लावायला बंदी, आणि कामाचे तास डिजिटल पद्धतीने नोंदवणं सक्तीचं. माणूस कुणाचा, हा प्रश्नच मिटला. इजा झाली तर जबाबदार कोण हे शोधावं लागत नाही.

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखान्यांच्या सुरक्षेची नवी संहिता लागू झाली आणि १९४८ चा कारखाने कायदा तिच्यात विलीन झाला. कामामुळे होणाऱ्या ज्या आजारांची सूचना सरकारला द्यावीच लागते, त्यांची अनुसूची जुन्या कायद्यातून तशीच पुढे आली आहे. तिच्यात २९ नोंदी आहेत. शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, जनावरांपासून होणारा अँथ्रॅक्स आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. एकच हालचाल करून निकामी होणारं मनगट त्या यादीत नाही.